ठवणी पोचली, शेवट पोचला नाही

श्री देव भैरी प्रसन्न

मांडवी, रत्नागिरी

ती. सदूदादा यांस धाकट्या बकुळाचा शिरसाष्टांग नमस्कार (आठ अंगांपैकी दोन गुडघे सध्या वजा धरावेत, ते जमिनीला टेकले की उठताना दोन माणसं लागतात).

तू पाठवलेलं पार्सल पोचलं. त्यात निघालं ते असं: पोथी ठेवून वाचायची लाकडी ठवणी एक, तुझ्या जुन्या धोतरात गुंडाळलेली, गोष्टींची पुस्तकं गोणताभर, पैकी काहींना कव्हर नाही आणि एकाला शेवट नाही, अण्णांचा चष्मा, काडीला दोरा बांधलेला, शेव अर्धा किलो, पैकी निम्मी चुरा (वाया गेली नाही, उसळीवर घातली). भाडं इथे भरायचं होतं ते दोनशे ऐंशी. स्टँडपासून घरापर्यंत रिक्षावाला ऐंशी म्हणाला. मी पिशवीतून जपमाळ काढली आणि त्याच्याकडे बघत जप सुरू केला, तेव्हा साठावर आला. शिवाय चिठ्ठी एक. तिच्यात तू लिहिलंस, "मला आता यांचा उपयोग नाही. तुझ्या नातवंडांना झाला तर बघ, नाहीतर रद्दीत घाल." दादा, ती चिठ्ठी वाचून मी शेवेची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले ती दीपेश जेवायला येईपर्यंत. बापाची, अण्णांची ठवणी, आणि तू ती धोतरात बांधून वाटेला लावलीस. असो. तब्येत कशी आहे? खोकला? गुळण्या करतोस का? फोनवर विचारलं तर तू "बरं आहे" म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही.

तर नातवंडांना उपयोग झाला का ते सांगते. झाला, पण सरळ झाला नाही. निहार आता तिसरीत आहे आणि सानवी बालवाडीत. शाळेत पालकांची सभा झाली तिथे सांगितलं म्हणे की घरी मुलांना रोज मोठ्याने वाचून दाखवा, त्याने मुलांची भाषा सुधारते. सूनबाई रुचिरा बँकेतून येते ती दमून, दीपेश मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात, त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. मी म्हटलं त्यात काय, मी वाचते. चाळीस वर्षं श्रावणात पोथी वाचत आले आहे, सगळ्या आळीने ऐकली आहे, आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. (पोथीला नाव कोण ठेवणार, हे मला नंतर सुचलं.)

पहिल्या दिवशी मी अंघोळ केली, धुवट नेसले, समई लावली. ठवणी मांडली, तिच्यावर शाळेतून आलेलं चित्रांचं पुस्तक ठेवलं. "खेकड्याची चप्पल" असं त्याचं नाव. दोघांना पाटावर बसवलं, मांडी घालून, हात जोडून. मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही, अध्याय अर्धा ठेवायचा नाही, हे सांगितलं. मग श्रीगणेशाय नमः म्हणून सुरुवात केली. आता दादा, तुला माझी चाल ठाऊक आहे. ओवी असो नसो, माझ्या घशातून पुस्तक त्याच चालीवर बाहेर येतं. खेकड्याची एक चप्पल भरतीत वाहून गेली, तो ती शोधत किनाऱ्याच्या पुळणीभर फिरला, एवढीच गोष्ट. पण मी ती अशी वाचली की पलीकडची तुळसा कुंपणाजवळून जाताना चपला काढून उभी राहिली. संपल्यावर आरती केली, खोबरं-साखर वाटली. मुलं शहाण्यासारखी बसली, साष्टांग नमस्कार घालून उठली. मी रुचिराला म्हटलं, बघ, एकाने हूं की चूं केलं नाही. ती म्हणाली, "हो, आई," आणि आत जाऊन बराच वेळ हसत होती असं दीपेशने नंतर सांगितलं.

पुढचा बुधवार. दीपेशने मिरकरवाड्याहून खेकडे आणले, चांगल्या भरलेल्या चिंबोऱ्या, नांग्या बांधलेल्या, जिवंत. मी वाटण काढलं. मसाला परतून चिंबोऱ्या घ्यायला मोरीत गेले तर सानवी तिथे बसलेली. प्रत्येक चिंबोरीच्या पाठीवर हळदकुंकू, एकेक जास्वंदीचं फूल, आणि पुढ्यात खोबरं-साखर. बाई हात जोडून डोळे मिटून. मी म्हटलं, बाळा, हे काय. तर म्हणते, "आजी, यांची पोथी आहे ना आपल्याकडे?" दीपेशने समजावलं, रुचिराने समजावलं, निहारने तर सरळ सांगितलं की देव असते तर त्यांना दोरीने बांधलं असतं का. त्यावर ती म्हणाली की कृष्णालाही बांधलं होतं. (हे माझ्याच श्रावणातल्या वाचनातलं, त्यामुळे मला तिची बाजू घ्यावी लागली.) सानवीने रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी दीपेश चिंबोऱ्या टोपलीत घालून मांडवीच्या पुळणीवर सोडून आला, कुंकवासकट. आम्ही त्या वाटणात बटाटे टाकून जेवलो. चिंबोऱ्यांचे पैसे मी धर्मादाय खात्यावर लिहिले, दुसरं खातं सुचलं नाही. आजतागायत घरात चिंबोरी शिजलेली नाही आणि दीपेश माझ्याशी वाचन या विषयावर बोलत नाही.

मग रुचिराने मला बाजूला घेऊन सांगितलं की आई, गोष्ट पोथीसारखी नाही वाचायची, प्रत्येकाचा आवाज काढायचा. निहारचंही तेच. तो म्हणाला, "आजी, तुझा खेकडा पण देव बोलतो, बगळा पण देव बोलतो. भांडतात तरी एकमेकांना आशीर्वाद दिल्यासारखं वाटतं." मी म्हटलं बरं. दुसऱ्या दिवशी वाघाची गोष्ट होती. मी कवळी नीट बसवली आणि डरकाळी फोडली. कवळी ठवणीवर. तुळसा कुंपण ओलांडून धावत आली, "काय गो झाला बकुळा, छातीत दुखता काय?" म्हणून माझी पाठ चोळायला लागली. मुलं गडाबडा लोळत होती. सानवी म्हणाली, परत कर. मी तुळसाला चहा दिला आणि वाघाला रजा.

तेव्हापासून पूर्णगडच्या आपल्या घराचा ओटा सारखा आठवतो. अण्णा बंदरावरून नोंदी आटपून यायचे, पाय धुवायचे, कंदिलाची काच आई पुसून ठेवायची, आणि ठवणी मांडली जायची. निम्मी वाडी जमायची. कोणी जाळं घेऊन यायचा, कोणी सुपात मासळी निवडत बसायची, अण्णांनी कधी कोणाला हात जोडून बसायला सांगितलं नाही. (हे मला आता आठवतं, त्या चिंबोऱ्या सोडाव्या लागल्यावर.) पोथीला पोथीचा आवाज आणि गोष्टीला गोष्टीचा, ठवणी मात्र एकच. आणि ऐन वेळी थांबायचे. चष्मा काढून धोतराला पुसायचे, पुसलेला परत पुसायचे, आणि कोणीतरी कळवळून "अण्णा, पुढे" म्हणेपर्यंत डोळ्यांवर चढवायचे नाहीत. मुंबईला गेलेल्या पुरुषांची पत्रंही तेच वाचून दाखवायचे, आठवतं? सोनूबाईचा घरवाला पत्रात पैसे पाठवले एवढंच लिहायचा. अण्णा त्याखाली पदरचं घालायचे, उन्हातान्हात फिरू नकोस, दूध पीत जा, घराची सय येते. सोनूबाई म्हणायची, परत वाचा. दुसऱ्यांदा अण्णांना आधीचं आठवायचं नाही, ते भलतंच काहीतरी घालायचे. ती पदर तोंडाला लावून म्हणायची, "अण्णा, मघाशी जास्त गोड होता." तिला सगळं ठाऊक होतं, तरी दर पत्राला यायची.

अण्णांचा आवाज बसला त्या वर्षी तू ठवणीपुढे बसलास. मिसरूड फुटत होतं तुला. पहिल्या दिवशी लाज वाटून भिंतीकडे तोंड करून वाचलंस, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझ्या घशातून अण्णाच आले. आईने चुलीपुढून मान वळवून बघितलं होतं. मला पुढे पोथी दिली, कारण मुलीच्या जातीला पोथी पुरे. गोष्टी तुझ्याकडे राहिल्या. त्या तू डोंबिवलीला नेल्यास आणि काशीवहिनीला दिल्यास. मी राहायला आले होते तेव्हा बघितलंय ना, ती भाजी चिरते आहे, तू वाचतो आहेस, आणि दर वाक्याला तिचं "हूं." तिचं हूं जरा उशिरा आलं तर तू मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा वाचायचास. तिच्या तेराव्याला मी विचारलं, आता काय करशील संध्याकाळी, तर तू म्हणालास, "हूं म्हणणारं गेलं, बकुळा. भिंतीला काय वाचून दाखवू?" त्याचं उत्तर दोन वर्षं झाली, अजून शोधतेच आहे.

आता मुख्य अडचणीवर येते. तुझ्या गोणत्यात ती तांडेलाची गोष्ट निघाली, कव्हर नसलेली. त्याचं गलबत वादळात भरकटतं, काळोखात एका बेटावर दिवा दिसतो, तिथे एक म्हातारी दिव्यात तेल घालत बसलेली असते. ती तांडेलाला म्हणते, दिवा उंच धरते, तुमचं गलबत सुखरूप बाहेर निघेल, पण तुमच्यातल्या एकाने माझ्याजवळ थांबायचं. ही मी आवाज न काढता, चाल न लावता, साधी बोलल्यासारखी वाचली. अण्णांचा चष्मा नाकावर ठेवला होता (दिसत काही नाही त्यातून, निम्मं पाठच आहे). थांबायच्या ठिकाणी थांबले, चष्मा काढून पुसला. दादा, निहार टीव्हीकडे पाठ करून बसला होता. सानवीला हूं म्हणायला शिकवलंय, ती वाटेल तिथे म्हणते, पण म्हणते. पान उलटलं आणि पुढे काही नाही. शेवटची पानं वाळवीने खाल्लेली.

निहार विचारतो, कोण थांबलं? आणि मला ठाऊक नाही. शंभरदा ऐकलेली गोष्ट, पण तू दिव्यापर्यंत येईपर्यंत मी आईच्या मांडीवर झोपलेली असायचे. तुझा आवाजच तसा होता, त्यात माझा काय दोष. मी घाईघाईने सांगितलं की सगळे सुखरूप घरी आले आणि सत्यनारायण घातला. निहारने विचारलं, आणि म्हातारी? म्हटलं, तिला प्रसाद पाठवला. तो म्हणाला, "आजी, तू आत्ता बनवलंस." रागावून उठून गेला. सानवी मात्र बसून राहिली, आणि मला विचारलं, "मग ती तशीच एकटी दिवा धरून बसली?"

त्या दिवसापासून दोघं दुसरं काही वाचू देत नाहीत. अध्याय अर्धा ठेवायचा नाही हे मीच शिकवलंय, ते आता माझ्यावर उलटलं. तरी तुला आठवत असेल तो शेवट चार ओळींत लिहून पाठव, पोस्टकार्डावर मावेल, उगाच पाकिटाचा खर्च नको. बाकी आमचं सगळं ठीक आहे, तुझी अशी काही गरज नाही. काशीवहिनीच्या फोटोला माझ्या नावाने एक फूल वाहा.

तुझी धाकटी बहीण,
बकुळा

ता. क. वर मी तुझी आठवण येते वगैरे काही लिहिलेलं नाही, कागद संपत आला. ते तू अण्णांसारखं पदरचं घालून वाच. आणि मनात वाचू नकोस, मोठ्याने वाच. आवाज चालतो का बघ.

ता. क. दुसरा. चार ओळींत शेवट मागितला होता तो नको. निहारला विचारलं, तो म्हणाला लिहिलेला नको, ज्याला येतो त्याने येऊन सांगायचा. सानवीही हूं म्हणाली, पहिल्यांदाच बरोबर जागी.

ता. क. तिसरा. ठवणी आम्हाला ठेवता येत नाही, ती तुझी आहे. पण परत पाठवायची तर पुन्हा दोनशे ऐंशी आणि रिक्षा. तू पंच्याहत्तरी ओलांडलीस, तुला एसटीत तिकीट पडत नाही. तेव्हा ठवणीने तिकडे येण्यापेक्षा तू इकडे येणं स्वस्त. महिनाभर राहा, वाचून झालं की ठवणी मांडीवर घेऊन जा. दुसऱ्या खोलीत तुझी गादी उन्हात घालून ठेवली आहे, शिवाय कंदिलाची काच पुसली आहे (दिवे गेले तर असावा म्हणून). कोणत्या गाडीने निघतोस ते उलट टपाली कळव.