लव्हेलची टोपी

शिकागो, १२ ऑक्टोबर १९९१

प्रिय आईस,

आज लव्हेलला शवपेटीत ठेवलं. माझ्या या धाकट्या भावाचा चेहरा शांत आहे. तुझे गुडघे कसे आहेत? एवढ्या लांब येण्याचा हट्ट करू नकोस.

त्याच्या टोळीतला कॉर्नेल आला होता. त्यानं लव्हेलला टोपी घातली आणि डावीकडे कलती केली. ती त्यांच्या टोळीची खूण; वैरी टोळीची उजवीकडे असते.

मी म्हटलं, "उन्हाळ्यापासून तो सरळच घालायचा. तुम्हाला सोडलं होतं त्यानं."

"आमच्यातून कुणी सुटत नाही, ताई. गोळी घालणाऱ्यांनी तरी विचारलं का, सोडलंस का म्हणून?"

टोळी सोडली, असं तुला तर त्यानं शपथेवर सांगितलं होतं. तो नक्की कुणाचा म्हणून गेला, मला कळत नाही.

सगळे गेल्यावर मी टोपी काढली आणि त्याचे केस विंचरले.

तुझी,
व्हर्लीन