तीन फिन आणि एक सेक

३ डिसेंबर

बोर्ड मिळाला. रोखायाबाईंनी स्वतःच्या हातानं दिला. नव्या वर्षात आमच्या योफ गावच्या किनाऱ्यावर त्यांची सर्फिंगची शाळा सुरू होतेय. मुलांसाठी असलेच वीस बोर्ड घ्यायचा विचार आहे, पण आधी एकाची परीक्षा. कंपनी म्हणते फुटत नाही, तुटत नाही. बाई म्हणाल्या, "मासाम्बा, महिनाभर वापर, हवा तसा आपट, आणि काय ते मला सांग." शाळेचा हेडमास्तर कोण, ते अजून जाहीर केलेलं नाही. पण बोर्ड माझ्या हातात दिला याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल.

मोबाईल दुरुस्तीचं दुकान दुपारीच धाकट्या भावाला देऊन टाकलं. दोन्ही डगरींवर हात ठेवू नये. सासूबाईंनाही फोनवर सांगून टाकलं, की जावई हेडमास्तर झाला. उद्घाटनाला येणार आहेत.

संध्याकाळी पहिली लाट. बोर्ड सुळकन वाळूपर्यंत. मी उभा! सगळा वेळ नाही, पण उभा. सर्फिंगचा अनुभव जुना आहे, मध्ये थोडी वर्षं गॅप पडली इतकंच.

४ डिसेंबर

दौदा सेक किनाऱ्यावर होता. आमच्या शेजारीच राहतो, मासळीचा ट्रक चालवतो. सर्फिंगही चांगलं करतो, असं लोक म्हणतात. लोक काय वाटेल ते म्हणतात. त्यानं माझा बोर्ड उलटा केला आणि खालच्या तीन फिनवरून, म्हणजे शेपटीकडच्या माशाच्या परासारख्या पात्यांवरून, बोट फिरवलं. कशासाठी? मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "गेयेच्या हातात बोर्ड दिला? अजून खाल्ला कसा नाही यानं? मीठ संपलं असेल घरातलं!"

आडनावानं तो सेक, मी गेये. सेकनं गेयेला खादाड म्हणून टर उडवायची आणि गेयेनं सेकची, हे पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलंय. रागवायचं नाही. पण सेक जे बोलतो त्यातलं अक्षरही खरं धरायचं नाही. मीही सोडलं नाही. म्हटलं, सेकच्या खानदानाला समुद्राची ओळख ताटातल्या माशावरूनच झाली. लोक हसले. त्याच्या वेळी जास्त हसले होते.

पण त्या बोटाचं काय? हेडमास्तर व्हायला तोही टपलेला आहे, हे आता उघड झालं. रात्रीत फिन सैल करून ठेवायचा, आणि लाटेवर माझी शोभा.

ठराव: रोज संध्याकाळी फिन काढून पेटीत कुलूपबंद. रोज सकाळी दार लावून स्वतः बसवायचे.

५ डिसेंबर, सकाळ

फिन बसवले. टोकं पुढच्या बाजूला केली. आधी कुठल्या बाजूला होती ते पाहायचं राहिलं, पण त्यात पाहायचं काय? होडीचं टोक पुढे. सुरीचं टोक पुढे. पाणी कापायचं तर टोक पुढेच हवं. इतकी वर्षं मोबाईलचे डोळ्यांना न दिसणारे स्क्रू पिळले, हे तर केवढे मोठे आहेत.

५ डिसेंबर, संध्याकाळ

लाट येते, उचलते, आणि बोर्ड कच्चकन ब्रेक लावतो. मी तसाच पुढे जातो. नाकात पाणी.

लाटा हलक्या प्रतीच्या आहेत.

९ डिसेंबर

मजबुतीची परीक्षा. बोर्ड गच्चीवरून खाली टाकला. काही नाही. गच्चीवर पाळलेल्या मेंढ्यानं धडका दिल्या. मेंढ्याला चक्कर आली. गल्लीत बोर्डावरून घोडागाडी गेली, गाडीवाल्यानं मलाच शिव्या दिल्या. बोर्डावर ओरखडा नाही.

इतकं मजबूत काही असतं का? काहीतरी गोम आहे. जो माणूस कधीच आजारी पडत नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही, बोर्डाचंही तसंच.

पाण्यात आजही तेच. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावतात ते मेण बदललं, पायाची जागा बदलली. शेपूट थरथरतं आणि बोर्ड मला झटकून टाकतो.

१२ डिसेंबर

ठरवलं होतं की दौदा नसेल त्या वेळी जायचं. तो होता. मी दोनदा पडलो. तिसऱ्यांदा पडताना बोर्ड पालथा झाला आणि तो वाळूवरून ओरडला, "अरे ए भातखाऊ, फिन उलटे लावलेत! लेबू जमातीच्या कोळ्याच्या पोटचा ना तू? शेपटीकडून पोहणारा मासा पाहिलास का कधी?"

सगळा किनारा हसला. एक मासळीवाली तर टोपली खाली ठेवून हसली.

घरी येऊन शांतपणे विचार केला. खरं सांगायचं तर फिनच्या दिशेबद्दल मलाही मनात किंचित शंका यायला लागली होती. पण सेक उलटे म्हणतो त्या अर्थी सुलटे आहेत. शंका फिटली. शत्रूचाही कधी कधी उपयोग होतो.

१६ डिसेंबर

आता शास्त्रीय पद्धत.

तिन्ही फिन काढून: बोर्ड छान पळतो, पण आडवा. गिरकी घेत मासळीवालीच्या टोपलीवर गेलो. ती आज हसली नाही.

मधला एकच फिन लावून: जातो सरळ, पण अडखळत. वळायचं नाव नाही.

तिन्ही लावून: जागच्या जागी थांबतो, मी पुढे.

निष्कर्ष: जितके फिन जास्त, तितका बोर्ड मंद. फिन हा निव्वळ कंपनीचा धंदा आहे. मोबाईलच्या कव्हरसारखा. रोखायाबाईंना हे सांगावं का? नको. दौदानं बाईंचे कान भरले असतील, तर मीच खोटा पडेन.

१९ डिसेंबर

ताईत करून आणला. लाल कापडात शिवलेला. बोर्डाच्या दोरीला बांधला. ताईतवाला म्हणाला, तुमच्यावर कोणाचा तरी डोळा आहे. मी नाव विचारलं तर म्हणतो उंच माणूस आहे, घराच्या जवळचा. दौदा उंच आहे! पण मेंढाही उंचच आहे, आणि त्या दिवसापासून माझ्याकडे टक लावून बघतो.

पहिल्याच लाटेत ताईत सुटून गेला. ज्याच्या हाती लागला असेल त्याचं भलं होवो.

२१ डिसेंबर

माझी बायको सोखना म्हणाली की एकदा दौदाला नीट विचार. म्हणे त्याचे मोठे भाऊ सगळे बोर्डवाले, त्याला कळतं. मी विचारलं, तुला त्याचे भाऊ कसे माहीत? म्हणाली, "अरे, लग्नाला आले होते आपल्या! तुझ्याच शेजारी बसून जेवले." असतील. पण परवा तिनं दौदाच्या घरी मासे-भाताचं पातेलं पाठवलं. शेजारधर्म म्हणे. बायकोवर मी संशय घेत नाही. फक्त पेटीची किल्ली आता गळ्यात घालून झोपतो.

२६ डिसेंबर

भयंकर प्रकार. दौदा घरी आला. चहाला बसला. रीतीप्रमाणे तीन ग्लास, पहिला कडू. दुसरा झाला. तिसऱ्या वेळी ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मासाम्बा, थट्टा बाजूला ठेव. आईची शपथ घेतो. फिनची टोकं मागे पाहिजेत, शेपटीकडे. तू असाच गेलास तर सगळ्यांसमोर तोंडघशी पडशील. तू दुकान देऊन बसलास, मला झोप लागत नाही रे."

एकही विनोद नाही. भातखाऊ नाही, काही नाही. अंगावर काटा आला. सेक थट्टा न करता बोलतो म्हणजे डाव केवढा मोठा असेल! मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, नाटक बरं करतोस, ट्रक सोडून नाटकातच जा.

तो उठून गेला. साखर न घालताच चहा प्यायला तसं तोंड झालं होतं त्याचं. सोखनानं रात्री माझं ताट आपटून ठेवलं.

३० डिसेंबर

सराव बंद. खरा पैलवान कुस्तीआधी विश्रांती घेतो.

सासूबाई आल्या. सोबत तीन मावश्या. हेडमास्तरांसाठी पांढरा झब्बा शिवून आणलाय. घालून पाहिला. शोभतो.

५ जानेवारी

उद्घाटन. रोखायाबाईंनी सांगितलं की दौदा आणि मी, दोघांनी याच बोर्डावर एकेक लाट घ्यायची. आधी मी. म्हणजे मान माझा.

लाट उत्तम होती, हे लिहून ठेवतो. मी उठलो. झब्बा काढून गेलो होतो हे बरं. दौदा कमरेएवढ्या पाण्यात आला आणि ओरडला, "उतर! फिरव ते फिन! देवासाठी एकदा तरी ऐक!" मी त्याला हात करून दाखवला. लोकांना वाटलं मी त्यांनाच हात केला, टाळ्या वाजल्या. आणि बोर्डानं ब्रेक लावला.

मी डोक्यावर पडलो. बोर्ड खडकावर जाऊन आपटला, तिथून होडीवर, होडीवरून वाळूत. सासूबाईंच्या पायाशी. पालथा.

रोखायाबाई वाकल्या. तिन्ही फिनवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे कोणी बसवले?"

मी म्हटलं, कंपनीनं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या पेटीच्या किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडून फिनचे स्क्रू पिळायचा पाना मागून घेतला आणि तिथेच बसून टोकं मागे फिरवली. बाई आडनावानं सांब आहेत. ना सेक, ना गेये. त्यांना माझी थट्टा करायचं काही कारणच नाही.

दौदा त्याच बोर्डावर गेला. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, लाटेच्या कडेनं वाळूपर्यंत आला. बोर्डाचा आवाजसुद्धा नाही.

म्हणजे तो खरं बोलत होता. ओरडूनही आणि शपथेवरही. चहाला आला तेव्हाही. त्याला खरंच झोप लागत नव्हती.

मला फार वाईट वाटलं. पण सेक खरं बोलतोय हे गेयेनं ओळखायचं तरी कसं?

७ जानेवारी

दौदा हेडमास्तर. रोखायाबाईंनी वीस बोर्ड मागवले. म्हणाल्या, मासाम्बाच्या हातून जे वाचलं ते मुलांच्या हातून वाचेलच. माझा महिना वाया गेला नाही, असा मी याचा अर्थ लावतो.

भाऊ दुकान परत द्यायला तयार नाही. म्हणतो गिऱ्हाईक वाढलंय. कशामुळे वाढलं, याचा तपास करावा लागेल.

दौदानं बाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकला. शाळेत मलाही काम आहे. मुलांचा पहिला धडा पडण्याचा असतो: घाबरायचं नाही, डोकं सांभाळायचं, बोर्डापासून लांब पडायचं. ते करून दाखवणारा माणूस हवा होता. सासूबाई म्हणाल्या, मास्तर तो मास्तरच.

१४ जानेवारी

पहिला वर्ग. मुलं वाळूवर ओळीनं बसली. दौदानं सांगितलं, "मासाम्बाकाका कसे पडतात ते नीट बघा." मी लाट घेतली आणि पडायची वाट पाहत उभा राहिलो. बोर्ड थांबेच ना. पायाखाली पाणी पळत होतं आणि मी उभाच होतो, थेट वाळूपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा. मोठ्यानं हसत होतो असं सोखना म्हणाली. रडत होतो असं दौदा म्हणाला.

मुलं नाराज झाली. पुन्हा गेलो, पुन्हा पडलो नाही. तिसऱ्यांदाही नाही.

रोखायाबाईंनी बाजूला बोलावून सांगितलं की माझ्या बोर्डाचे फिन आता कायम उलटेच ठेवायचे. रोज सकाळी मीच बसवायचे. दौदा म्हणाला, त्या कामात मासाम्बाचा हात धरणारा अख्ख्या योफमध्ये कोणी नाही.

हे त्यानं खरं म्हटलं की थट्टेनं, कळायला मार्ग नाही.