म्हातारीची गोष्ट कुणी सांगितली?

राकीराकी, ९ सप्टेंबर १९९१

चि. रियासत यास खैरून खालाचा सलाम आणि खूप दुआ.

इकडे सगळे खुशाल. ऊसतोड जोरात आहे. तुझे खालू गुडघ्याला खोबरेल चोळत सगळ्या दुनियेवर कुरकुरतात. मला मात्र वेगळाच घोर लागलाय. मिलादच्या बैठकीत मी दरसाल सांगते ती गोष्ट तुला पाठ आहे: रसूलांवर, आपल्या पैगंबरांवर, रोज कचरा टाकणारी म्हातारी, एक दिवस कचरा पडला नाही, म्हणून ती आजारी असेल असं समजून ते तिची विचारपूस करायला गेले. परवा शबिनाने, जिला मी अलिफ-बे शिकवलं, सगळ्या बायकांदेखत विचारलं, की रसूलांची ही हकिकत कुठल्या हदीसमध्ये नोंदली आहे? मीही तोऱ्यात बोलून बसले, की लौटोकाच्या मदरशात हदीस शिकवणारा माझा भाचा लेखी देईल. आता लेखी आलं नाही, तर मिलादला शबिना बोलणार आणि मी दाराशी चपला सांभाळणार.

तेव्हा 'खरी आहे' एवढंच लिही आणि खाली मदरशाचा शिक्का मार. लोभ असू दे. त्याला तरी पुरावा मागू नकोस.

तुझी खाला


लौटोका, १४ सप्टेंबर १९९१

ती. खालाजान यांस आदबीचा सलाम.

हदीसचे संग्रह धुंडाळले, उस्तादांनाही विचारलं. गोष्ट कुठेच सापडली नाही. कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी कच्ची असती, तर तसं लिहिलं असतं. इथे साखळीच नाही. जे रसूलांनी केल्याचा दाखला नाही ते त्यांच्या नावावर घालणं केवढा गुन्हा, हे मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. शिक्का मारता येणार नाही.

शेजारच्या महेशचा पतंग मी फाडला, तेव्हा हीच गोष्ट सांगून तुम्ही मला त्याच्या दारी धाडलं होतंत. त्यामुळे हे लिहिताना हात जड झालाय. हे पत्र चुलीत घाला, मला बोल लावा. पण बैठकीत खोटं बोलू नका.

रागातही दुआ करत राहावी.

आपला रियासत


राकीराकी, २३ सप्टेंबर १९९१

चि. रियासत यास सलाम.

तुझं पत्र वाचून तुला इतकं बोलले, की खालू गुडघा विसरून बाहेर आले. चार दिवस जेवण गेलं नाही.

मिलादला मी उभी राहिले. शबिनाने पत्रासाठी हात पुढे केला. मी ते तिला दिलं नाही. स्वतःच मोठ्याने वाचलं, शिक्क्याच्या ओळीसकट. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग म्हटलं, साखळी हवी ना, घ्या. मला अम्मीने सांगितली, अम्मीला नानीने, नानीला मळ्यातल्या चाळीत शेजारी राहणाऱ्या एका बाईने. त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नाही. साखळी तिथे तुटते. म्हणून आजपासून ही गोष्ट रसूलांच्या नावावर सांगायची नाही. ती आमच्या घरची. एका म्हातारीची आणि तिच्या शेजाऱ्याची.

एवढं बोलून मी दाराशी, चपलांजवळ जाऊन बसले. माइक शबिनाकडे गेला.  तर ती मान वळवून माइकमध्येच विचारते, "पण खाला, ती म्हातारी शेवटी बरी झाली का?"

मी म्हटलं, "नक्की ठाऊक नाही, बाई. पण नानी म्हणायची, झाली."

शिरणीतला तुझा वाटा ठेवलाय, येऊन घेऊन जा. माया आहे तशीच आहे.

तुझी खाला