दत्तारामच्या नावाचं रक्त

लिहून ठेवणार बाळाजी सोनू मेस्त्री, वय अठ्ठेचाळीस, धंदा सुतारकाम, मूळ गाव कुडाळ तालुक्यात, हल्ली मुक्काम सलमाबाद, बहारीन. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कुणी दम दिलेला नाही, कुणी पाजलेलीही नाही. शाबूत नाही ते फक्त काळीज, आणि ते डॉक्टरांनी लेखी दिलेलं आहे. एक झटका येऊन गेला. दुसऱ्याची वाट न बघता खालीलप्रमाणे व्यवस्था करून ठेवतो.

१. गावचं घर, परसातले माड आणि बँकेत असेल ती शिल्लक माझी पत्नी सत्यवती हिची. त्यात माझा धाकटा भाऊ दत्ताराम याने वा भावकीतल्या अन्य कुणी हात घालू नये. मुलगी अरुणा हिचं लग्न सत्यवतीच्या मर्जीने व्हावं, पण त्याआधी तिचं रक्त तपासून घ्यावं. बायकांना हृदयाचा आजार होत नसतो असं सांगणारे शहाणे गावात भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

२. गॅसच्या गोळ्यांची उरलेली बाटली ज्या क्लिनिकमधून मिळाली त्याच क्लिनिकच्या डॉक्टरसाहेबांना परत द्यावी. छातीत कळ आली तसा मी टॅक्सी करून धावत गेलो होतो. त्यांनी रक्त घेतलं, रिपोर्ट साफ आला, 'गॅस है, खलास,' म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात पुन्हा रक्त घेतलं तेव्हा झटका सापडला. तिथे लॅबमध्ये वसईचा डॉमनिक असतो, त्याने मला समजावलं. काळजाचा तुकडा मेला की त्याची खूण रक्तात उतरायला काही तास जातात, मी फार लवकर पोचलो होतो. म्हणजे लवकर गेलो हाच माझा गुन्हा! या साहेबांना मी माफ केलेलं नाही, आणि मेल्यावरही करणार नाही.

३. आता हत्यारं. पटाश्या, करवती, गिरमिटं, आणि वडिलांचा शिसवी रंधा. या रंध्याची हकिकत लिहिणं भाग आहे. वडील पंचेचाळिसाव्या वर्षी तो हातात असतानाच गेले. तो थोरल्या शिवदासदादाकडे आला. दादा बेचाळिसाव्या वर्षी गेला. मग माझ्याकडे आला. भावकी म्हणते रंध्याला दोष आहे, गाऱ्हाणं घाला. अरे, लाकडाला कसला दोष? दोष आमच्या रक्तात आहे! डॉमनिकने माझं कोलेस्टेरॉल बघून विचारलं, "बाळाजीभाऊ, घरात आणखी कोण असं गेलंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग हे नुसतं खाण्याचं नाही, बापाकडून आलंय. धाकट्याला उद्याच घेऊन या."

त्या उद्याला आता दीड वर्ष झालं.

दत्ताराम माझ्याच वर्कशॉपमध्ये सुतार आहे, वय एकोणचाळीस. त्याला भीती अशी की रिपोर्ट वाईट आला तर कंपनीला कळेल, व्हिसा वाढणार नाही आणि गावचं बांधकाम अर्धं राहील. मग या दीडशहाण्याने काय करावं? आमच्या खोलीतला वेल्डर जैनुद्दीन अंगाने काडीसारखा आहे. त्याला आपल्या नावाने रक्त द्यायला पाठवलं! डॉमनिक त्या महिन्यात लीव्हवर होता आणि खिडकीवरच्या माणसाने तोंड पाहिलं नाही. काडीसारख्या माणसाचं रक्त साफच असणार, हा यांचा हिशोब.

रिपोर्ट आला तो माझ्यापेक्षा वाईट. मी कपाळाला हात लावला. दत्तारामचं तूप बंद केलं, मटण बंद केलं, रोज त्याच्या पाठी लागलो. आठवडाभर त्याने सोसलं आणि मग एका जेवणाला ओरडला, "दादा, तां रगात माजां नाय!"

"मग कुणाचं?"

त्याने स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे मान वळवली. तिथे जैनुद्दीन तुपात पराठे भाजत होता.

आठवडाभर हे याला ठाऊक होतं, आणि लबाडी उघडी पडेल म्हणून हा गप्प! सांगायला मलाच उठावं लागलं. जैनुद्दीन आधी हसला. "भाई, मैं तो पतला आदमी हूँ." मग हसायचा थांबला. त्याच आठवड्यात तो स्वतःच्या नावाने रक्त देऊन आला. आता औषध घेतो, शुक्रवारी अरादच्या किल्ल्यापाशी चालायला जातो. कंपनीने त्याला काढलेलं नाही, हेही दत्तारामने डोळ्यांनी पाहिलं.

पण पालथ्या घड्यावर पाणी. उपाशीपोटी जायचं तर हा चहा पिऊन निघाला. "च्याय घेतल्याशिवाय माका उभ्यान रवाक येणा नाय." पुढच्या खेपेला एकादशी गाठून गेला. डॉमनिकने विचारलं, काय खाल्लंस? "काय नाय, उपास आसा. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू." डॉमनिकने हात जोडून परत पाठवला. त्यानंतर याने गावी पत्र टाकून देवळात कौल लावून घेतला. कौल उजवा आला म्हणे. देवाबद्दल माझी तक्रार नाही. देवाला कोलेस्टेरॉल विचारलं कुणी?

४. सबब, दत्तारामने माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत स्वतःच्या दंडातून, स्वतःच्या नावाने, उपाशीपोटी, डॉमनिकच्या समोर रक्त द्यावं. रिपोर्ट काय येतो यावर अट नाही. दिलं तर रंध्यासकट सर्व हत्यारं त्याची. न दिल्यास ती जैनुद्दीनला मिळावीत. तो वेल्डर आहे, रंधा त्याच्या उपयोगाचा नाही, हे मी जाणतो. पण त्याचं रक्त दत्तारामच्या नावावर चाललं, तर दत्तारामची हत्यारं त्याच्या नावावर चालायला कुणाची हरकत नसावी.

हे मी रागाने लिहिलं असं वाटेल. राग आहेच, पण त्याहून भीती मोठी आहे. शिवदासदादाला मी खांदा दिला. मला दत्ताराम देईल. त्याचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्या पोराच्या हातात मडकं द्यायचं का?

हे मृत्युपत्र मी दोघा साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं व सही केली. ठिकाण सलमाबाद, शुक्रवार, ता. १५ मार्च १९८५.

सही: बाळाजी सोनू मेस्त्री
साक्षीदार: डॉमनिक डाबरे, लॅब टेक्निशियन
साक्षीदार: गुरुप्रसाद नाईक, स्टोअरकीपर

सह्यांनंतरची नोंद: जैनुद्दीनने सगळ्यांना चहा आणला. दत्ताराम दाराशी बसून सगळं ऐकत होता. त्याने कप तोंडाशी नेला आणि डॉमनिकला विचारलं, "उद्या तुमची लॅब किती वाजता उघडता?"

"सातला. पण चहा आज पी रे, सकाळी नको घेऊस म्हणजे झालं."

दत्तारामने कप खाली ठेवला. "नको. आज पियालंय तर उद्या सुटाची नाय."

त्याचा चहा मी प्यायलो. मृत्युपत्र मात्र फाडलेलं नाही. आधी सुई टोचू दे.

बा. सो. मेस्त्री