सलूनच्या खुर्चीतला बाप्पा

बाबा, आज गटावर एका मुलीने विचारलं की बारीक रेघ ओढताना हात कापतो, काय करू. हल्ली मोबाईलवर असे ढीगभर गट आहेत, कुणी कुंड्यांचे, कुणी विणकामाचे, आणि मी त्या मातीकामाच्या गटात अजून टिकून आहे. बोटं उत्तर द्यायला निघाली आणि तू आठवलास.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रोह्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लास सुटल्यावर सर अर्धा तास फोनची लाइन वापरू द्यायचे, आणि त्यात मी ईमेलच्या एका गटाशी गप्पा मारायची. देशोदेशीची माणसं घरी मातीचे पक्षी, बाहुल्या करायची आणि एकमेकांना सल्ले द्यायची. शनिवारी मी त्यांच्या पत्रांचे छापील कागद घेऊन एसटीने पेण, तिथून आपल्या गावी, जोह्याला यायची आणि तुला मराठीत सांगायची. तू गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखत बसलेला असायचास. पगार नाही, गिऱ्हाईक नाही, तरी ही माणसं माती मळतात याचं तुला भारी नवल. छंद म्हणजे काय हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ यायचे. पण शनिवार उजाडला की तूच माझी वाट बघायला लागायचास, हे आईने मला सांगितलंय.

एकदा मात्र तू चिडलास. कुणाच्या तरी मूर्तीला तडे जात होते, आणि मी शहाणपणा करून परस्पर लिहिलं की चांगली कडक उन्हात वाळवा. कारागिराच्या पोरीने शाडू उन्हात ठेवायला सांगावं! तू ब्रश खाली ठेवलास. म्हणालास, "जा हातानं केला नाय, ता कुनाला सांगायचा नाय गो." पुढच्या आठवड्यात मी माफी मागून सावलीत वाळवायला कळवलं. तेव्हापासून माझं प्रत्येक उत्तर ‘माझे बाबा सांगतात’ असंच सुरू व्हायचं. तिकडे तुझी चांगलीच कॉलर ताठ होती, बाबा. तुला मी हे पुरतं कधी सांगितलं नाही, नाहीतर तू जोह्यात कुणाला आवरला नसतास.

त्याच वर्षी तू पेणहून एक जुनी फिरती खुर्ची आणलीस, बंद पडलेल्या सलूनमधली. तिच्यावर पाट, पाटावर मूर्ती, आणि तू समोर स्टुलावर. बाप्पा दाढीला बसलाय म्हणून अख्खा कारखाना हसला, मीही हसले. तू म्हणालास की कमरेला आराम पडतो. कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं.

मग त्या आजोबांचं पत्र आलं. कुठल्याशा थंड देशातले, मातीचे बगळे करणारे. हात कापायला लागलाय, बगळ्याचा डोळा जमत नाही, आता सोडून द्यावं का, असं त्यांनी विचारलं होतं. मी वाचून दाखवलं. तू हळू आवाजात सांगितलंस, "सोडू नको म्हनावं. करंगळी मूर्तीवं टेकायची, श्वास सोडायचा, आन हात हलवायचा नाय. मूर्ती फिरवायची."

मी लिहून घेतलं. लिहिता लिहिता माझं लक्ष त्या खुर्चीकडे गेलं. हातानं केल्याशिवाय तू काही सांगत नाहीस, हे मला तूच शिकवलं होतंस. म्हणजे खुर्ची कमरेसाठी नव्हती. कारखान्याच्या मालकाला कळलं असतं तर आखणी दुसऱ्याकडे गेली असती आणि तुला रंगाच्या बादल्या ढवळायला बसवलं असतं. तुझं सगळं आयुष्य त्या रेघेत होतं. मी काही विचारलं नाही. सोमवारी रोह्याला जाऊन उत्तर लिहिलं, आणि पहिल्यांदाच ‘माझे बाबा’ न लिहिता ‘इथले एक जुने कारागीर’ असं लिहिलं. वाटलं, मी तुला सांभाळते आहे.

पुढचे दोन शनिवार तू आधी तेच विचारलंस, त्या म्हाताऱ्याचं जमलं का. तिसऱ्या शनिवारी उत्तर आलं. बगळ्याचा डोळा जमला होता. ऐकून तू नुसता "बरा झाला" म्हणालास आणि खुर्ची फिरवलीस. आणखी दोन वर्षं तू गणपतीचे डोळे आखलेस, मग कमरेचं कारण सांगून स्वतःच थांबलास. जाईपर्यंत हाताबद्दल तू बोलला नाहीस आणि मीही नाही. मी कधी विचारलं नाही म्हणून तू माझ्यावर रागावला नव्हतास ना? मला फार आठवण येते तुझी, तुझ्या हसण्याची तर जास्तच.

त्या मुलीला आज मी तुझं सगळं सांगितलं, ‘माझे बाबा’ लिहूनच. मग कपाटातून आजोबांच्या उत्तराचा तो कागद काढला. त्यात आणखी एक ओळ आहे, बाबा, जी मी तुला वाचून दाखवली नव्हती. तिथेच थांबून कागदाची घडी घातली होती. त्यांनी लिहिलं होतं, त्या कारागिरांना माझ्यातर्फे विचारा, त्यांचा हात आता कसा आहे?