सायलीनं तपासलेले बोल्ट

मंगळवार, संध्याकाळ. हँगरमध्येच.

मालकांच्या छोट्या विमानाची वार्षिक तपासणी झाली आज. विम्यासाठी लायसन्सवाल्या इंजिनिअरची सही लागते. पुण्याहून आली कोण, तर सायली, कॉलेजात माझ्याच वर्गातली. मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, ती शिकून पुढं गेली. माझ्या डोक्यातून मात्र ती गेलीच नाही.

मी आवळलेला एकेक बोल्ट तिनं परत तपासला. माझं डोकंच फिरलं.

"विश्वास न्हाय व्हय?"

"सही माझी आहे रे."

एकही बोल्ट ढिला निघाला नाही. हात पुसत म्हणाली, "कॉलेजला परत ये की. मी बोलते सरांशी."

"मला कुणाची गरज न्हाय."

का बोललो असं? ती गाडीत बसून निघून गेली.

तासभर फोन हातात आहे. तिला 'येतो' एवढंच लिहायचंय, तेही होईना.