वाघोबाची हद्द

३ ऑक्टोबर
मोजणीवाले आले आणि आमच्या वाघोबाचा शेंदूर खरवडून गेले! रुळाच्या कडेनं भिंत घालायचीय, म्हणून हद्द शोधत होते. शेंदराखाली इंग्रजी अक्षरं निघाली — जी.आय.पी. साहेब खूश. म्हणे इंग्रजांच्या वेळची रेल्वे कंपनी, तिनं रोवलेला हद्दीचा दगड आहे हा. याच्या खालचं सगळं रेल्वेचं.
खाली आमचं घर आहे. बाकी वाडी वरच्या अंगाला — ते सुटले.

४ ऑक्टोबर
माझा नवरा, जगन, दिवसभर शिव्या देतोय. कंपनी मेली, तिच्या दगडाला मात्र मरण नाही! सासूबाई रडतायत. मामंजी — माझे सासरे, वाघोबाचे भगत — विळ्याला धार लावत बसलेत.

५ ऑक्टोबर
कालवणात मीठच टाकलं नाही. सगळ्यांनी तसंच खाल्लं.

७ ऑक्टोबर
भात कापताना मामंजी आपणहून बोलले. वाघोबा आधी वर नव्हताच! पार खाली, रुळाजवळ होता. वाघबारशीच्या पूजेला गेलेली त्यांची आत्या गाडीखाली आली. मग त्यांच्या बापानं गडी गोळा करून देव उपटला. उपटताना मोडला, बूड तिथंच राहिलं. उरलेला खांद्यावर घालून वर आणला.
"देवासंगं हद्द पण वर आली बघ, गो अंजू. आमीच आणली."
मी विळा टाकला. म्हटलं, मग सांगा की साहेबाला!
"काय सांगू? ह्यो देव नाय, कंपनीचा दगड हाय? माझ्या तोंडानं?"
असा राग आला! घर चाललंय आणि यांना देवाची पडलीय. मग स्वतःचीच लाज वाटली. पण घर तर हवंच ना?

९ ऑक्टोबर
जगनला सांगितलं, ते वाडीभर झालं. बारकूकाकानं वाडी गोळा केली. त्याचं घर वर, त्याला काय! "देवाला दगड बोलंल तो आमच्या वाडीचा नाय." सगळे आमच्याकडे बघत होते.

११ ऑक्टोबर
मामंजी बोलले. साहेबासमोर, अख्ख्या वाडीसमोर. "दगडच हाय, साहेब. माझ्या बापानं उचलून आणला."
रुळाजवळची जागा दाखवली. खणल्यावर मोडकं बूड निघालं. वरचा दगड नेऊन ठेवला तर बरोब्बर बसला! तिथंच पक्का केला. घर वाचलं! मी रडले, जगन नाचायचा तेवढा बाकी होता. मामंजी चहा न घेताच रानात निघून गेले.

१७ ऑक्टोबर, वाघबारस
वाटलं होतं, यंदा आम्हाला कुणी विचारणार नाही. तर बारकूकाका स्वतः दारात, मामंजींना हाक मारत! "चल रे कमळू. दगड गेला तर गेला, वाघोबा हाय तितंच हाय. तुझ्याबिगर नारळ कोण फोडंल?"
मामंजी उठलेच नाहीत.
"तुमचा हाय तितंच हाय रे. माझा मी देऊन टाकला."